ना खडक, ना भूत

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या एखाद्या मोठ्या शहरात, स्टॉर्मविंड घ्या किंवा ऑर्ग्रिमार, गर्दीच्या वेळी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. बँकेच्या दारात पन्नास-साठ पात्रं असतात. खांद्यावर घमेल्याएवढी चिलखतं चढवलेले योद्धे, गुडघ्याएवढे नोम, शिंगांचे टॉरेन, कुणी वाघावर बसलेला, कुणी ड्रॅगनवर. आणि ही सगळी एकमेकांच्या आरपार जात असतात. घोड्याचं तोंड कुणाच्या तरी पाठीतून बाहेर येतं, ड्रॅगनच्या पोटात उभे राहून तिघे जण बँकेचा व्यवहार उरकतात. कुणाला धक्का लागत नाही, म्हणून कुणी कुणाला ‘सॉरी’ही म्हणत नाही. नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी विचित्र वाटतं. आठवड्याभरात ते दिसेनासं होतं.

इतकं दिसेनासं होतं, की हा कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय आहे हेही आपण विसरतो. भिंती घन आहेत, झाडं घन आहेत, जमीन घन आहे. माणसं तेवढी पोकळ. गेमच्या परिभाषेत सांगायचं तर खेळाडू-खेळाडूंमधलं ‘कोलिजन’ बंद केलेलं आहे. का बंद केलं, असं विचारलं की बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतात: ग्रीफिंग. ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना हरायला लागला की स्टंप उपटून घरी नेणारा एक मुलगा असायचा. ग्रीफर त्याच्या पुढचा. तो हरत नसतानाही स्टंप उपटतो, कारण त्याला क्रिकेटमध्ये रसच नसतो; त्याला तुमचं तोंड कसं होतं ते बघायचं असतं. अशा माणसाच्या हाती घन शरीर दिलं, तर तो दारात जाऊन उभा राहणार, पुलावर आडवा होणार, नव्या खेळाडूला कोपऱ्यात कोंडणार. म्हणून शरीरच काढून घ्या. प्रश्न मिटला.

मला हे उत्तर अर्धवट वाटतं. शरीर काढून घेतल्यावर ग्रीफिंग संपलं नाही, त्याने फक्त घर बदललं. आणि शरीराबरोबर अशा काही गोष्टी गेल्या ज्यांचा ग्रीफिंगशी संबंध नव्हता: वाट देणं, आड येऊन दुसऱ्याला वाचवणं, रांग लावणं, आणि वेळ पडली तर रस्ता रोखून धरणं. मी पोस्टडॉक म्हणून गर्दीच्या हालचालींची संगणकीय प्रारूपं करतो, त्यामुळे या विषयात माझं थोडं व्यावसायिक दुखणंही आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिवसभर जी माणसं मी एकमेकांवर आदळू नयेत म्हणून समीकरणं लिहितो, ती रात्री गेममध्ये खुशाल एकमेकांच्या बरगड्यांतून फिरताना दिसतात.

तांत्रिक अडचण खरी आहे, ती आधी उरकून घेऊ. चाळीस खेळाडू एकत्र आले तर तपासायच्या जोड्या ७८० होतात. दोनशे आले तर १९,९००. जग चौकटींमध्ये वाटून फक्त शेजारच्या चौकटी तपासल्या की हा आकडा आवाक्यात येतो, त्यामुळे गणित हे खरं दुखणं नव्हे. दुखणं आहे अंतराचं. वॉरक्राफ्टमधलं पात्र सेकंदाला सात यार्ड पळतं. दुबईतल्या खेळाडूची हालचाल अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन न्यू जर्सीतल्या खेळाडूच्या पडद्यावर यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला, तरी तेवढ्यात तो जवळजवळ दीड यार्ड पुढे गेलेला असतो. म्हणजे दोघांच्या पडद्यांवर दोन वेगळी सत्यं. एकाच्या मते टक्कर झाली, दुसऱ्याच्या मते झालीच नाही. सर्व्हरने निवाडा दिला की कुणीतरी एक जण रबर ताणल्यासारखा मागे खेचला जातो. हे ज्याने अनुभवलंय त्याला पोकळ शरीरांचा मोह समजतो. पण अडचण आहे म्हणून सोडून दिलं हे एक, आणि सोडून दिलं तेच योग्य होतं हे दुसरं. गेल्या वीस वर्षांत हे दुसरंच गृहीत धरलं गेलं.

आता ज्या गेमने हा प्रश्न सर्वांत आधी गांभीर्याने अंगावर घेतला, त्याच्याकडे वळू. सप्टेंबर १९९७ मध्ये ओरिजिन सिस्टिम्सने अल्टिमा ऑनलाइन बाजारात आणला. मूळ विश्व रिचर्ड गॅरियटचं, प्रमुख डिझायनर राफ कॉस्टर. या जगात माणसाला अंग होतं. तुम्ही दारात उभे राहिलात की दार अडायचं. मात्र पूर्णपणे अडायचं नाही, आणि या सबंध प्रकारातली सर्वांत शहाणी कल्पना मला इथेच दिसते. प्रत्येक पात्राला ‘स्टॅमिना’ असे. आपण सरळ दम म्हणू. दम पूर्ण भरलेला असेल, तर समोरच्याला बाजूला सारून पुढे जाता यायचं, पण त्यात काही दम खर्ची पडायचा. धावून धावून थकलेले असाल, तर समोरचा माणूस म्हणजे भिंत.

म्हणजे बाजारात दोन अनोळखी माणसं समोरासमोर आली तर काहीच अडत नसे. एकाने जरा खांदा लावला, निघून गेला. पण पाठलागात सापडलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसापुढे तिघांनी वाट अडवली, की तो संपला. आणि हेच उलटंही खरं होतं: त्या धापा टाकणाऱ्याचे दोन मित्र अरुंद वाटेत उभे राहिले, तर पाठलाग करणाऱ्यांचा वेग मोडायचा. अंगाला किंमत होती, ती दमात मोजली जायची, आणि ती परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त व्हायची. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला माणूस ज्या हिशेबाने टेकतो, जवळपास तोच हा हिशेब. तिघांची सीट चौथ्याला नाकारत नाही, पण फुकटही देत नाही.

तरीही अल्टिमा ऑनलाइनची ख्याती झाली ती खुनी आणि लुटारूंचं जग म्हणून. त्याचं खापर शरीरावर फोडलं जातं, ते मला मान्य नाही. दोष होता तो कायद्यात. या जगाचा कायदा फक्त वार ओळखत होता. पाच खून केलेत की तुमचं नाव लाल दिसू लागायचं, कुणीही तुम्हाला मारायला मोकळा. गावात गुन्हा घडला आणि कुणी पहारेकऱ्यांच्या नावाने ओरडलं, की ते प्रकट होऊन गुन्हेगाराला जागच्या जागी संपवायचे. पण गुहेच्या तोंडाशी उभं राहून आतल्या माणसाला बाहेर न येऊ देणं, आपण हातही न लावता राक्षसाकडून त्याचा जीव जाऊ देणं, हा गुन्हाच नव्हता. कायद्याला तलवार दिसायची. दारात उभा असलेला माणूस दिसायचा नाही.

२००० साली ‘रेनेसाँ’ नावाच्या विस्तारात ओरिजिनने जगाच्या दोन प्रती केल्या. फेलुकामध्ये जुने नियम. ट्रॅमलमध्ये तुमच्या संमतीशिवाय तुमच्यावर कुणी वार करू शकत नसे, आणि तिथे दमाचा नियमही उठवला गेला. कुणीही कुणाच्याही अंगातून फुकट जाऊ लागलं. बहुसंख्य खेळाडू ट्रॅमलला गेले, फेलुका ओस पडत गेलं. जुने लोक अजून या फाळणीबद्दल हळहळतात. त्यातल्या अनेकांची हळहळ ही मुक्त लुटालूट बंद झाल्याची आहे, आणि तिच्याशी मला काही देणंघेणं नाही. मला खुपतं ते वेगळंच. तलवार आणि शरीर या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या, आणि त्या एकाच फटक्यात एकत्र काढून टाकल्या गेल्या. तलवारीला संमती लागेल पण शरीराला किंमत राहील, असं तिसरं जग करून बघायला हवं होतं. त्यानंतर हा प्रश्न उद्योगाने जवळजवळ सुटलेलाच मानला.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्टमध्येही पात्रं एकमेकांना अडायची, पण तिथे दमाचा हिशेब नव्हता. ऑगर किंवा ट्रोल जातीचा धिप्पाड खेळाडू अरुंद बोळात कीबोर्ड सोडून चहा करायला गेला, की बोळ बंद. मजेदार भाग असा, की शामानकडे माणसाला आकसवून लहान करण्याचा मंत्र होता, आणि तो लढाईपेक्षा अशा ऑगरांना दारातून आत नेण्यासाठी जास्त कामी यायचा. कुणी चिडायचं, कुणी मंत्र टाकायचं, कुणी ‘जरा सरका’ म्हणून लिहायचं. शरीरामुळे बोलणं भाग पडायचं. हीच माणसं कुठल्या जागी कोण राक्षसांची वाट बघत बसलंय, पुढचा नंबर कुणाचा, याच्या याद्या तोंडी सांभाळायची. नव्या भागात शिरलं की आधी ओरडून विचारायचं, इथे कुणी आहे का? गेमच्या कोडमध्ये यातलं काहीही नव्हतं. अर्थात ग्रीफिंगही भरपूर होतं. पंधरा-वीस राक्षसांना मागे लावून घेऊन ती वरात दुसऱ्यांच्या अंगावर नेऊन सोडायची, याला तिथे ‘ट्रेन’ म्हणत. पण या प्रकाराला घन शरीराची गरजच नाही, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येईल.

नोव्हेंबर २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि पोकळ शरीर हा या प्रकाराचा नियम होऊन बसला. ज्याच्यासाठी हे केलं ते साधलं का? दार अडवणं बंद झालं, हे खरं. मग ग्रीफरांनी शोधून काढलं की अंग अडत नसलं तरी क्लिक अडतो. टपालपेटीवर किंवा दुकानदारावर भलामोठा प्राणी आणून उभा करायचा. माणूस त्याच्या आरपार चालत जाईल, पण माऊसचा बाण त्याच्या पोटातल्या दुकानदारापर्यंत पोचायला झगडेल. २००८ च्या विस्तारात पाठीवर दोन दुकानदार वाहणारा लोकरी मॅमथ विकायला आला, तेव्हा या उद्योगाला जणू सरकारी अनुदान मिळालं. सप्टेंबर २००५ मधली ‘करप्टेड ब्लड’ची साथ तर प्रसिद्धच आहे. हक्कार नावाच्या शत्रूचा एक शाप जवळ उभ्या असलेल्याला लागायचा. तो पाळीव प्राण्यांमार्फत गुहेतून बाहेर आला, शहरांत पसरला, आणि काहींनी तो मुद्दाम पसरवला. कमी ताकदीचे खेळाडू पटापट मरून शहरं हाडांनी भरली. साथरोगतज्ज्ञांनी २००७ मध्ये लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेसमध्ये त्यावर लेख लिहिला. त्या लेखाची चर्चा खूप झाली. मला त्यात लक्षात राहतं ते एवढंच: एकमेकांना स्पर्श न करू शकणाऱ्या माणसांत ही साथ पसरली. अंग काढून घेतलं होतं, जवळीक काढता आली नव्हती. एव्हरक्वेस्टच्या ‘ट्रेन’सारखंच.

रिचर्ड बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे जे चार प्रकार मांडले, त्यातला ‘किलर’ हा दुसऱ्यांवर स्वतःला लादण्यात सुख मानणारा. तेव्हापासून ग्रीफरकडे एक स्वभाव म्हणून बघायची सवय लागली आहे. स्वभाव असेलही, पण त्या स्वभावाला हत्यार कुठलं मिळतं ते डिझायनर ठरवतो. पोकळ शरीराने एक हत्यार काढून घेतलं आणि दुसरी चार हातात दिली.

आणि काय घेतलं? सगळ्यात आधी संरक्षण. या गेममधला ‘टँक’, म्हणजे ढाल घेऊन पुढे उभा राहणारा, खरं तर कुणाच्याच आड येत नाही. राक्षस त्याच्याकडे वळतो, कारण त्याने ‘थ्रेट’ नावाचा एक अदृश्य आकडा वाढवलेला असतो. ढाल ही वेशभूषा आहे. ही आकडेमोड वॉरक्राफ्टच्या आधीपासूनची, आणि खेळ म्हणून ती उत्तम चालते, त्यात वाद नाही. पण माणसाविरुद्ध माणूस लढतो तेव्हा तिचा काडीचाही उपयोग नसतो. समोरचा खेळाडू तुमच्या ढालीतून शांतपणे चालत जाऊन मागच्या वैद्याला मारतो, आणि तुम्ही त्याच्या मागे धावत सुटता. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या वॉरहॅमर ऑनलाइनने हे ओळखलं. तिथे शत्रू तुमच्यातून जाऊ शकत नसे. किल्ल्याच्या जिन्यावर चार ढालवाले खांद्याला खांदा लावून उभे राहिले की तो खरंच जिना अडवलेला असायचा. मी पाहिलेल्यांपैकी हा एकच गेम जिथे खिंड लढवणं हा शब्दप्रयोग नुसता अलंकार नव्हता. डिसेंबर २०१३ मध्ये तो बंद पडला, वेगळ्याच कारणांनी, आणि त्याच्याबरोबर हा धडाही अडगळीत गेला.

दुसरी गोष्ट मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. धरणे, घेराव, रास्ता रोको. या तिन्ही शब्दांना शरीराशिवाय अर्थ नाही. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडलेल्या थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत, पगार थकलेले लोक दारात धरणे धरून बसल्याची वर्णनं आहेत. मालकाच्या दारात बसायचं, हलायचं नाही, त्यालाही हलू द्यायचं नाही. दुबळ्याच्या हाती असलेलं हे सर्वांत जुनं हत्यार आहे, आणि त्याचा आकार हुबेहूब ग्रीफिंगसारखा आहे: कुणीतरी मुद्दाम दुसऱ्याची वाट अडवतो.

जानेवारी २००५ मध्ये वॉरक्राफ्टच्या अर्जंट डॉन सर्व्हरवर योद्धा वर्गाच्या खेळाडूंनी आपल्या वर्गावर अन्याय होतोय म्हणून निषेध केला. पहिल्या पातळीची नोम पात्रं तयार केली, अंगावरचे कपडे उतरवले आणि आयर्नफोर्ज शहरात शेकड्याने जमले. त्यांना दार अडवता येत नव्हतं. पूल अडवता येत नव्हता. मग त्यांचं वजन पडलं कुठे? सर्व्हरवर. सर्व्हर कोसळला, आणि ब्लिझर्डने अनेकांची खाती निलंबित केली. या घटनेकडे गंमत म्हणून पाहिलं जातं, नागडे नोम वगैरे. मला ती तितकी गमतीची वाटत नाही. ज्या जगात अंगाने काहीच अडवता येत नाही, तिथे निषेधाला दोनच जागा उरतात: एक, कुणीही वाचत नाही असं लिहिणं, दुसरी, सगळ्यांचंच जग बंद पाडणं. मधलं काही नाही.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. हॅबो हॉटेल हा किशोरांसाठीचा फिनिश गप्पांचा गेम. तिथे एका चौकोनात एकच पात्र मावत असे, म्हणजे शरीर पक्कं घन. जुलै २००६ मध्ये शेकडो लोक एकसारखी पात्रं घेऊन शिरले, काळी कातडी, मोठे कुरळे केस, राखाडी सूट, आणि पोहण्याच्या तलावाचे सगळे चौकोन अडवून उभे राहिले. तलाव बंद आहे, असं येणाऱ्या मुलांना सांगू लागले. काळ्या पात्रांशी नियंत्रक भेदभाव करतात, असा त्यांचा आरोप होता. पण तेच लोक उभं राहून नाझी स्वस्तिकही तयार करत होते, आणि काळा माणूस हा त्यांच्या विनोदाचा वेश होता. घेराव आणि टवाळी एकाच देहात इतकी मिसळलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. आकारावरून दोन्ही वेगळी करता येत नाहीत. ती वेगळी करायला कुणीतरी माणूस बसवून त्याला विचार करायला लावावं लागतं, आणि माणूस बसवणं कंपनीला महाग पडतं. शरीर काढून टाकणं फुकट आहे. पोकळ शरीरांमागचं सर्वांत खरं कारण मला हेच वाटतं.

हा विचार करण्याचा कंटाळा ज्या एका गेमने टाळला, तो म्हणजे ईव्ह ऑनलाइन, आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा, २००३ पासून चालू असलेला. इथे शरीर म्हणजे अंतराळयान. यानं एकमेकांवर आदळतात, इजा होत नाही, पण ढकलली जातात. आता दूर उडी घ्यायची तर यानाचं तोंड योग्य दिशेला हवं आणि वेग कमाल वेगाच्या पंचाहत्तर टक्क्यांवर हवा. अवजड मालवाहू यानाला हे साधायला वेळ लागतो. तेवढ्यात एखादं चपळ यान येऊन त्याला धडक देतं, तोंड फिरतं, वेग मोडतो. पुन्हा सुरुवात. पुन्हा धडक. सुरक्षित प्रदेशात वार केला तर कॉन्कॉर्ड हे पोलीसदल हल्लेखोराला नष्ट करतं. पण धडक म्हणजे वार नाही. त्यामुळे मालवाहू यान पोलिसांच्या नाकासमोर अडकवून ठेवायचं, टोळी जमेपर्यंत थांबायचं, मग एकदम हल्ला करून माल लुटायचा, असा धंदाच सुरू झाला. २०१२ पासून एका गटाने खाणकामगारांना असंच ढकलायला सुरुवात केली, आणि त्रास नको असेल तर वर्षाला एक कोटी इस्क, म्हणजे तिथलं चलन, भरून आमचा परवाना घ्या, अशी जाहीर सनद काढली. चौथाईची आठवण येणं स्वाभाविक आहे, पण मोह आवरतो.

सीसीपीने काय केलं, ते महत्त्वाचं. धडक हा खेळाचा सामान्य भाग आहे, असं तिने स्पष्ट सांगितलं. पण त्रास दिलेला माणूस दुसरीकडे निघून गेल्यावरही त्याच्या मागे मागे जाऊन धडका देत राहिलात, तर तो छळ धरला जाऊ शकेल आणि प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं जाईल. म्हणजे कंपनीने जागा आणि माणूस यांत फरक केला. खाण अडवणं हा खेळ. माणसाचा पिच्छा पुरवणं हा छळ. हा फरक कोडमध्ये लिहिता येत नाही, तो कुणाला तरी वाचून ठरवावा लागतो. पुढे एक नियम कोडमध्येही आला: तीन मिनिटं प्रयत्न करूनही उडी घेता आली नाही, तर यान आपोआप सुटेल, अर्थात उडी रोखणारं खास यंत्र शत्रूने लावलेलं नसेल तर. ते यंत्र लावणं मात्र वार समजलं जातं, मग पोलीस येतात. थोडक्यात, तीन मिनिटं फुकट अडवा. त्यापुढे अडवायचं असेल तर कायद्यासमोर या. ईव्ह हा क्रूर गेम आहे, तो मी कुणाला आग्रहाने सुचवणार नाही. पण वाट अडवण्याबद्दलचा त्याचा कायदा मी पाहिलेल्या सगळ्यांत प्रौढ आहे.

माझ्या क्षेत्रात डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेलं एक प्रारूप अजून रोज वापरलं जातं. त्याचा गाभा साधा आहे: चालणारी माणसं एकमेकांना स्पर्श होण्याच्या आधीच एकमेकांना ढकलतात. प्रत्येकाभोवती एक मऊ दाब असतो. जवळ जाल तसा तो वाढतो. त्यामुळेच भर गर्दीत, कुणी न सांगता, जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची वेगळी ओळ तयार होते. गेममध्ये या मऊपणाला जागाच नाही. एव्हरक्वेस्टमधली माणसं खडक, वॉरक्राफ्टमधली भुतं. दमाच्या नियमाने अल्टिमाने मधली जागा जवळजवळ गाठली होती, आणि ती प्रारूपं-बिरूपं न वाचता.

भुतांनाही मात्र शरीराची आठवण असते, हे कबूल करायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये वॉरक्राफ्ट क्लासिक सुरू झाला. पहिल्याच दिवशी हजारो लोक त्याच त्या सुरुवातीच्या कामगिऱ्यांवर, आणि मारायचा राक्षस एकच, तोही काही मिनिटांनी पुन्हा उगवणारा. लोकांनी काय केलं? रांग लावली. टेकडीवरून खाली उतरत गेलेली, एकामागे एक, शिस्तीत. एकमेकांच्या अंगातून सहज पुढे जाऊ शकणारी माणसं एकमेकांच्या मागे उभी राहिली. ती चित्रं पाहून मलाही भरून आलं होतं. पण ज्याला घुसायचं होतं तो घुसलाच, आणि त्याला अडवायला रांगेतल्या कुणाकडे अंग नव्हतं. शिव्या तेवढ्या होत्या.

परदेशात राहणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी हा प्रश्न नुसता डिझाइनचा नाही, असं मला वाटतं. पीएचडीच्या वर्षांत माझा कट्टा म्हणजे रात्री दहा वाजता भरणारा असाच एक गिल्ड होता. त्यात एक पुण्याचा, एक सिंगापूरची, एक टोरंटोचा. आज ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांची मुलं आहेत, त्यांच्या बाजूच्या खोलीत रोब्लॉक्स चालू असतो. तिथे पात्रं मुळात घन असतात, आणि ढकललं-ढकललीवरून होणारी भांडणं भिंतीपलीकडून ऐकू येतात. अनेक पालकांना ते नकोसं वाटतं. मला ते भांडण ऐकू येणं बरं वाटतं.

डोळ्यांवर व्हीआर चढवल्यावर तर सगळा हिशेब उलटा होतो. पडद्यावर कुणी तुमच्या पात्रातून आरपार गेलं तर ते नजरेआड करता येतं. चष्म्याच्या आत, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, परक्याचे हात तुमच्या छातीतून जातात तेव्हा ते नजरेआड करता येत नाही. व्हीआरमध्ये बायकांनी छेडछाडीच्या ज्या तक्रारी केल्या, त्या नेमक्या याच होत्या. जे पोकळ शरीर ग्रीफिंगवरचा उपाय म्हणून वीस वर्षं मिरवलं गेलं, तेच इथे ग्रीफिंगचं साधन झालं. दारातल्या माणसाचा त्रास वाचवताना आपण आत येणाऱ्या हाताला मोकळी वाट करून दिली होती, आणि सपाट पडद्यावर ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मेटाने डिसेंबर २०२१ मध्ये होरायझन वर्ल्ड्स अमेरिका आणि कॅनडातल्या प्रौढांना खुलं केलं आणि दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २०२२ मध्ये, प्रत्येक पात्राभोवती एक अदृश्य कडं घातलं. दोन पात्रांत जवळजवळ चार फुटांचं अंतर, सगळ्यांना, आपोआप. लगेच जुना प्रश्न उभा राहिला: हे कडं वापरून कुणी दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडलं तर? त्यावर कंपनीचं उत्तर होतं की समोरच्याला ओलांडून पुढे जाता येईल, त्यामुळे कड्याने दार अडवता येणार नाही. पंचवीस वर्षांनी गाडी पुन्हा अल्टिमाच्या दाराशी येऊन थांबली. अंग हवं, पण त्याची भिंत व्हायला नको. फक्त इथे दमाचा हिशेब नाही, त्यामुळे ओलांडण्याची किंमतही कुणाला मोजावी लागत नाही.

पुढच्याच महिन्यात हे कडं हवं तसं बदलायची सोय आली, आणि न बदलल्यास ते फक्त अनोळखी लोकांसाठी चालू राहू लागलं. मित्रांच्या यादीत असलेल्याला तुम्ही पुन्हा पोकळ. छेडछाड ओळखीचा माणूस करत नाही, असं हे गृहीतक आहे. ते कुणी आणि कशाच्या आधारावर धरलं, हे एखाद्या बाईला विचारून पाहायला हवं होतं.